डॉसवरचा जुना शैक्षणिक गेम ओळखायचाय: शब्द-चित्रांच्या जोड्या, बादलीवाली अळी आणि 'गझल'

कळंबा_रिटर्न

नमस्कार मंडळी. एका जुन्या गेमचं नाव हवंय. खात्रीचं आणि अंधुक वेगळं करून लिहितो, म्हणजे गोंधळ कमी.

काळ १९९६-९७, कोल्हापूर, शाळेची कॉम्प्युटर लॅब. ३८६ मशीन, विंडोज नाही. चालू केलं की काळ्या पडद्यावर आकड्यांची यादी यायची, ३ दाबून एंटर मारलं की गेम.

खात्रीचं: सुरुवातीला मुलगा की मुलगी ते निवडायचं. चित्र बाजूने दिसणारं, उड्या मारत वर-खाली जायचं. जागोजागी प्रश्नचिन्हाचे चौकोन. शब्द आणि त्याचं चित्र यांची जोडी लावायची. आडवे येणारे प्राणी होते, त्यांना सगळी पोरं 'गझल' म्हणायची. ते जवळ आले की एक अळी वरून बादलीतलं हिरवं चिकट काहीतरी त्यांच्यावर ओतायची. सगळ्या जोड्या लागल्या की किल्ली मिळायची, मग दार.

अंधुक: एक डोंगर, त्यावर दाढीवाले ठेंगू, त्यांना जाळ्यात पकडायचं. नाणी टाकायची. कुठेतरी आकड्यांचा चौकटीचा तक्ता, त्यातले पाढ्यातले आकडे 'खायचे'. रंग चारच आठवतात: काळा, पांढरा, आकाशी आणि भडक गुलाबी.

'बुकवर्म' टाकून शोधलं तर पॉपकॅपचा २००३ चा अक्षरं जोडायचा गेम पहिला येतो. तो नव्हे.

दुसरी गोष्ट. एक सव्वापाच इंची फ्लॉपी मिळाली आहे. लेबलवर शाईने 'शै. गेम - २' एवढंच. ओल लागून आतल्या चकतीवर पांढरे ठिपके आलेत. ती वाचता येईल का? हाताशी विंडोज ११ चा लॅपटॉप आहे.

---

तांबडा_पांढरा

भावा, गझल न्हवं, ग्रझल! गेम हाय 'वर्ड रेस्क्यू'. अपॉजी कंपनीनं १९९२ ला काढलेला, बनवणारे रेडवुड गेम्स. ग्रझल लोकांना वाचता येत न्हाई म्हणून त्यांनी जगातले शब्द चोरले, ते परत आणायचे अशी गोष्ट. अळीचं नाव बेनी. ती पुस्तकातली अळी, बुकवर्म, म्हणून तुझा शोध त्या दुसऱ्या गेमवर जाऊन आदळतोय. मुलगा-मुलगी, किल्ली, दार, सगळं बरोब्बर जुळतंय.

डोंगराचं काय ते मला कळंना. ह्या गेममध्ये तसले ठेंगू न्हाईत.

---

सोळा_रंग

वर्ड रेस्क्यू बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याच्या डोक्यात तीन गेम एकात एक मिसळलेत. लॅबच्या यादीत ३ नंबरला वर्ड रेस्क्यू असेल, तर ४ आणि ५ ला बाकीचे दोन असणार. सोडवून देतो.

डोंगराचा गेम म्हणजे 'ट्रेझर माउंटन', द लर्निंग कंपनीचा, १९९० चा, त्यांच्या सुपर सॉल्व्हर्स मालिकेतला. ठेंगूंच्या हातात कागदाची गुंडाळी असते. जाळं टाकून पकडलं की कोडं विचारतो, ते सुटलं की एक खूण मिळते. अशा खुणा जमवायच्या आणि ज्या वस्तूला त्या लागू पडतात तिच्यापाशी नाणं टाकायचं, की लपलेला खजिना बाहेर. एका टप्प्याची किल्ली सापडली की वरचा टप्पा, असे तीन टप्पे आणि माथ्यावर किल्ला. दोन्ही गेममध्ये किल्ली आहे, त्यामुळे आठवणी एकमेकींना चिकटल्या असाव्यात.

तक्त्याचा गेम 'नंबर मंचर्स', एमइसीसी या संस्थेचा. ६ स्तंभ, ५ ओळी, एकूण ३० चौकटी. वर लिहिलेलं असतं '४ च्या पटीतल्या संख्या', आणि हिरवा प्राणी तेवढेच आकडे गिळत फिरतो. पट, विभाजक, मूळ संख्या, समान, असमान असे वेगळे खेळ. त्यातल्या शत्रूंचं नाव ट्रॉगल. ट्रॉगल आणि ग्रझल! इंग्रजी नीट न येणाऱ्या पोरांनी त्याची एकच 'गझल' केली असेल तर दोष पोरांचा नाही.

आता रंग. हा पुरावा सगळ्यात उपयोगी आहे आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. काळा, पांढरा, आकाशी, भडक गुलाबी ही सीजीए या जुन्या डिस्प्ले कार्डाची ३२० × २०० मधली चार रंगांची पट्टी. त्याच कार्डाची दुसरी पट्टी काळा, हिरवा, लाल आणि तपकिरी-पिवळा. वर्ड रेस्क्यू त्यानंतरच्या ईजीए कार्डासाठी लिहिलेला, १६ रंगांचा, सीजीएवर तो चालतच नाही. म्हणजे जिथे अळी दिसली तिथे चार रंग नव्हते. चार रंगांची आठवण दुसऱ्या गेमची किंवा दुसऱ्या मशीनची आहे.

एक सांगा: खेळ मध्येच संपून इंग्रजी मजकुराचं पान यायचं का? त्यावर डॉलरमध्ये किंमत?

---

कळंबा_रिटर्न

यायचं! प्रत्येक वेळी. 'टेक्सस' हा शब्द पक्का आठवतो, कारण सगळे त्याला 'टॅक्स' वाचायचे. पैसे भरायला सांगतंय म्हणजे टॅक्सच असणार, असा हिशोब. आणि अळी ते हिरवं ओतायची तेव्हा गवताचा हिरवा वेगळा आणि त्या चिकटपणाचा वेगळा होता, हे आता लक्षात येतंय. म्हणजे चार रंग नव्हतेच.

---

सोळा_रंग

मग शिक्कामोर्तब. अपॉजीचा पत्ता गारलँड, टेक्सस. त्यांची पद्धत अशी होती की पहिला भाग फुकट वाटू द्यायचा आणि पुढचे दोन भाग पैसे पाठवल्यावर. आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जो फिरला तो पहिला भागच. त्यामुळे 'गेम अर्धाच आहे' असं वाटणाऱ्या कुठल्याही जुन्या गेमच्या बाबतीत शेवटचं पान आठवून बघा. निम्मी ओळख तिथेच पटते.

एक फरक सांगून ठेवतो. याच ग्रझलांचा दुसरा गेम आहे, 'मॅथ रेस्क्यू', तोही १९९२ चाच. त्यात चोरी आकड्यांची आणि बेनीचं फुलपाखरू झालेलं. अळी आठवत असेल तर शब्दांचा, पंख आठवत असतील तर गणिताचा.

---

रंकाळा_साइड

दोन्ही रेस्क्यू स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतात, तिन्ही भागांसकट. नुसतं बघून खात्री करायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जा. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी डॉसचे दोन हजारांहून जास्त गेम ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, नंतर आणखी भर पडली. काही उतरवायला लागत नाही.

पण ट्रेझर माउंटन हा फुकट वाटपाचा गेम नव्हता. 'अबँडनवेअर', म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेला, असा शिक्का मारून जे फिरतं त्याने कायदा बदलत नाही, आणि तसल्या साइटवरच्या 'डाउनलोडर'मध्ये गेमपेक्षा दुसरंच काही जास्त असतं.

---

मिसळ_कट

फ्लॉपीचं सोपं आहे. लक्ष्मीपुरीत कुठल्यातरी भंगारवाल्याकडे जुना पेंटियम शोध, त्यात घाल, कॉपी मार, विषय संपला.

---

सव्वापाच_इंची

विषय संपेल तो फ्लॉपीचा. कृपया असं करू नका.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. ड्राइव्हचं हेड चकतीला टेकून चालतं, मधे हवेची गादी नसते. बुरशीचा कण हेडखाली आला की तो चकतीवरचा तपकिरी लेप खरवडत गोल फिरतो. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे एका सेकंदात त्याच रेघेवरून पाच वेळा. एकदा लेप उडून खालचं पारदर्शक प्लास्टिक दिसलं की त्या ट्रॅकवरचा, म्हणजे गोल रेघेवरचा, डेटा गेला. वर घाण हेडवर बसते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते.

आधी ही कामं:

डाव्या-उजव्या कडेला चौकोनी खाच दिसते ती चिकटपट्टीने झाका. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीत उलट असतं, तिथे भोक उघडं ठेवायचं. यात हमखास घोळ होतो.

मधल्या भोकाच्या काठाला जाडसर कडं आहे का बघा. असेल तर बहुतेक ३६० केबीची, नसेल तर १.२ एमबीची.

मग सफाई. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं ३० टक्के पाणी आतच राहतं. तंतू न सुटणारं कापड किंवा फोमची काडी भिजवून निथळा. हेडसाठी जी लांबट खिडकी असते तिथून हलक्या हाताने पुसा, मधल्या भोकात बोट घालून चकती थोडी फिरवा, पुन्हा पुसा. पूर्ण फेरी झाली की उलटी बाजू. घासायचं नाही. काडीवर तपकिरी रंग आला तर तिथेच थांबा, तो रंग म्हणजे तुमचा डेटा आहे. सावलीत तासभर सुकू द्या.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागातल्या लोकांसाठी जादा टीप, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरातल्या फ्लॉप्या अजून कपाटांतून निघतात. चिखल आत गेला असेल तर खिडकीतून पुसून भागत नाही. वरच्या कडेचा जोड ब्लेडने अलगद उघडा, चकती कडेला धरून बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळा, आडवी ठेवून सावलीत वाळवा आणि एखाद्या रिकाम्या फ्लॉपीच्या स्वच्छ आवरणात घालून वाचा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, चकती वाकते. जुन्या आवरणाचं आतलं अस्तर परत वापरू नका, गाळ तिथेच अडकलेला असतो.

---

कळंबा_रिटर्न

बाप रे. बरं झालं विचारलं. कडं आहे, म्हणजे ३६० केबी. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन दिसतोय, तो घेऊ का?

---

सव्वापाच_इंची

तो साडेतीन इंचीचा. सव्वापाचची चकती त्यात मावणारच नाही.

तुम्हाला तीन वस्तू लागतील: सव्वापाच इंची ड्राइव्ह, ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड (जुना ड्राइव्ह लॅपटॉपला जोडून देणारं), आणि जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, मोटर १२ वर चालते, त्यामुळे नुसत्या यूएसबीवर भागत नाही. ३४ तारांची पट्टी घेताना तिच्या ड्राइव्हकडच्या टोकाला पट्टी-कनेक्टर, म्हणजे सर्किटची कड आत सरकते तो, असायला हवा. साडेतीन इंचीच्या केबलला पिनांचा असतो, तो बसत नाही. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला.

भंगारात जो ड्राइव्ह मिळेल तो बहुतेक १.२ एमबीचा असेल. वाचायला चालतो, पण दोन गोष्टी. त्याला ८० ट्रॅक, तुमच्या फ्लॉपीला ४०, म्हणून प्रोग्रॅमला दोन-दोन पावलं टाकायला सांगायचं (ट्रॅक्समध्ये स्टेप २). हे विसरलात तर एक ट्रॅक वाचला जातो, पुढचा फसतो, आणि फ्लॉपी निम्मी गेली असं वाटतं. दुसरं म्हणजे त्या ड्राइव्हने ३६० केबीच्या फ्लॉपीवर काही लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद रेघेच्या मधोमध बारीक नवी रेघ पडते, आणि ३६० वाल्या ड्राइव्हला मग दोन्ही एकदम ऐकू येतात.

आधी कच्ची चुंबकीय नोंद, म्हणजे फ्लक्स, साठवा. त्यातून आयबीएम ३६० फॉरमॅटची इमेज, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची मिळून एक फाइल, नंतर कितीही वेळा काढता येते, फ्लॉपी पुन्हा फिरवायची गरज नाही. जुन्या चकतीचं पहिलं वाचन बहुतेक सगळ्यात चांगलं असतं.

फॉरमॅट बरोबर निवडला का याची खूण इमेजच्या आकारात. ४० ट्रॅक × २ बाजू × ९ सेक्टर × ५१२ बाइट = ३,६८,६४० बाइट. १.२ एमबीसाठी ८० × २ × १५ × ५१२ = १२,२८,८००. एक बाइटही कमी-जास्त असेल तर फॉरमॅट चुकीचा निवडलाय.

---

तांबडा_पांढरा

सव्वापाच भाऊ, नाद खुळा माहिती.

आता गेम चालवायचं मी सांगतो. कमांड इंग्रजीतच मारायच्या, हितं उच्चार लिहितोय.

विंडोज ११ हे ६४ बिटचंच येतं आणि त्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम सुरूच होत न्हाईत. डबल क्लिक करून 'ह्या पीसीवर चालत नाही' असं आलं म्हणजे फाइल खराब हाय असं समजू नको. डॉसबॉक्स बसव, आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम हाय त्यो.

गेमचं फोल्डर सी ड्राइव्हवर, नाव आठ अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मधे जागा न सोडता. 'जुने गेम' असं मराठीत नाव दिलंस की डॉसबॉक्समध्ये त्याचा भाजीपाला दिसतो. मग: माउंट, जागा, सी, जागा, सी कोलन बॅकस्लॅश फोल्डर. एंटर. सी कोलन, एंटर. डीआयआर मारलं की फायली दिसतात, त्यातल्या ईएक्सईचं नाव टाक.

वेग हा खरा घोळ. डॉसबॉक्स ०.७४ असल्या गेमला आपोआप ३००० सायकल (हे त्याचं वेगाचं माप) देतं, ३८६ ला साधारण पाच-सहा हजार लागतात. उड्या संथ वाटल्या तर कंट्रोल आणि एफ१२ दाबत वाढव, एका वेळी १० टक्के वाढतं. कंट्रोल आणि एफ११ नं २० टक्के उतरतं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर आकडा बदलताना दिसतो. त्याच रांगेत कंट्रोल आणि एफ९ हाय, ते दाबलंस की डॉसबॉक्स न विचारता बंद. लॅपटॉपवर एफ बटणांसाठी एफएन पण दाबावं लागतंय, त्या गडबडीत लई जण तिथं फसतात.

आवाज हवा तर गेमच्या सेटिंगमध्ये साउंड ब्लास्टर निवड, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १.

---

सोळा_रंग

त्यात एक भर. जुन्या मॉनिटरची काच ४:३ होती आणि चित्र ३२० × २००, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसायचा. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस, त्यामुळे अळी आणि मुलगी दोघी बसक्या दिसतात आणि 'हा तो गेम नव्हे' असं वाटून लोक सोडून देतात. डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये आउटपुट ओपनजीएल करा आणि अ‍ॅस्पेक्ट ट्रू. तिथेच मशीनच्या ओळीत सीजीए लिहून नंबर मंचर्स चालवून बघा, चार रंगांची आठवण कुठली ते कळेल.

---

कळंबा_रिटर्न

हिशोब देतो.

आर्काइव्हवर पाहिलं. वर्ड रेस्क्यूच. पहिल्याच पडद्यावर ओळख पटली. अ‍ॅस्पेक्टची टीप नसती तर मीही नाहीच म्हटलं असतं. ठेंगूंचा डोंगर ट्रेझर माउंटन, तेही पक्कं.

फ्लॉपी साफ करून एका ओळखीच्या ड्राइव्हवर ग्रीसवीझलने वाचली. आकार ३,६८,६४० बरोबर, दोन सेक्टर खराब. पण आत गेम नाही. दोनच फायली दिसतात: बॅकअप डॉट ००२ आणि कंट्रोल डॉट ००२. हे काय प्रकरण?

---

सव्वापाच_इंची

डॉस ३.३ पासूनच्या बॅकअप कमांडचा संच, दुसरी फ्लॉपी. लेबलवरचा '२' म्हणजे गेम नंबर दोन नव्हे, संचातली दुसरी चकती. सगळ्या फायलींचा मजकूर बॅकअप ००२ मध्ये एकाला एक जोडून ठेवलेला असतो आणि कुठली फाइल कुठून सुरू होते, किती लांब, कुठल्या फोल्डरमधली, हे कंट्रोल ००२ मध्ये. रिस्टोअर कमांड पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात मागते. डॉसबॉक्सच्या स्वतःच्या कमांडमध्ये ती नाही, खऱ्या डॉसची बूट इमेज चालवावी लागेल.

पण नुसती ओळख पटवायला रिस्टोअर कशाला? कंट्रोल ००२ कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. उजवीकडच्या रकान्यात फायलींची नावं सरळ वाचता येतात.

---

कळंबा_रिटर्न

उघडली. फोल्डरचं नाव लोगो (पडद्यावरचं कासव फिरवून चित्रं काढायला शिकवणारी मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा), खाली लोगो डॉट ईएक्सई आणि विद्यार्थ्यांच्या रोल नंबरच्या नावाने पंधरा-सोळा छोट्या फायली. गेमचा मागमूस नाही, सगळी कासवाची चित्रं.

---

तांबडा_पांढरा

मग बॅकअप ००२ नोटपॅडमध्ये उघडून बघ. लोगोचे प्रोग्रॅम साधा मजकूर म्हणून ठेवले असतील तर तसेच वाचता येतील. 'रिपीट ४, चौकटी कंसात एफडी ५० आरटी ९०' असलं काही दिसलं की उचल आणि आजच्या कुठल्याही लोगोत टाक, चौकोन निघतोय का बघ. ते खराब दोन सेक्टर कुणाच्या रोल नंबरवर आलेत तेवढं सांग.